ऐन चैत्रात मेंढ्या भादरायची वेळ आली तर : कातर, यंत्र आणि वळीव

तरवड | २७ मार्च, रात्री ९.४०

आटपाडी तालुक्यात आमचा ६४ मेंढ्यांचा कळप आहे. त्यांतल्या ४० दख्खनी, काळ्या आणि करड्या. बाकीच्या माडग्याळ नराच्या पैदाशीच्या, म्हणजे बाकदार नाकाच्या, लांब पायांच्या, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके असलेल्या आणि लोकरीच्या नावाने पाठीवर चार विरळ झुलपे बाळगणाऱ्या. यजमान गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यामुळे कोइमतूरला असतात, त्यामुळे कळपाचा कारभार मी आणि मामा, म्हणजे माझे सासरे, असा दोघांत चालतो.

आमच्याकडे वर्षातून दोनदा मेंढ्या भादरतात, पावसाळा सरता सरता एकदा आणि शिमग्याच्या आगेमागे एकदा. यंदा शिमग्याला कातरणाऱ्यांच्या घरी लग्नकार्ये निघाली, त्यातच मामांचा उजवा खांदा आखडला, आणि पाडवा होऊन आठवडा उलटला तरी लोकर मेंढ्यांच्या अंगावरच आहे. दुपारी पारा चाळिशीच्या घरात जातो. मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभ्या राहतात आणि चरायचे नावही काढत नाहीत.

मी भिते आहे ते गेल्या वर्षीच्या अनुभवाने. तेव्हाही असाच उशीर झाला होता, म्हणून आम्ही प्रथमच यंत्रवाले बोलावले. (ते कोण, कुठले, हे इथे लिहीत नाही आणि कृपया कोणी विचारू नये.) सकाळी सात वाजता येतो म्हणाले आणि अकराला उगवले. मेंढ्या सकाळपासून वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, कोंडून, उपाशी आणि तहानलेल्या. अकरा ते तीन या वेळात त्यांनी ५८ जनावरे उरकली, तीही इतकी बारीक की कातडीचा रंग दिसावा. दोन वाजण्याच्या सुमारास एक मेंढी सोडल्यावर चार पावले चालली, मान लांब करून धापा टाकू लागली आणि बसली ती उठलीच नाही. तेवढ्यावर भागले असते तर वेगळे, पण संध्याकाळी वळीव आला. आमचा वाडा म्हणजे चार मेढी (खांब) आणि वाघूर, वर छप्पर नाही. भादरलेल्या मेंढ्या तासभर पावसात आणि वाऱ्यात उभ्या राहिल्या. चौथ्या दिवशी तिघींच्या छातीत घरघर सुरू झाली, त्यांतली एक गेली. शिवाय माडग्याळ रक्ताच्या पांढऱ्या मेंढ्यांच्या पाठी लाल होऊन पुढे त्यांची सालपटे निघाली, ते वेगळेच.

तेव्हा प्रश्न असे की, आता भादरावे की मृगापर्यंत थांबावे? भादरायचे तर हाताने की यंत्राने? आणि एका दिवसात उरकावे की वाटून घ्यावे? मामांचे मत ठाम आहे, पण ते मी शेवटी सांगेन, कारण आधी सांगितले तर सगळे त्यांनाच दुजोरा देतील.

खटावचे आप्पा | २८ मार्च, सकाळी ६.१५

ताई, मृगापर्यंत थांबू नका. वाढलेल्या लोकरीत गोचीड आणि उवा माजतात, आणि पहिल्या पावसात भिजलेली जुनी लोकर आठवडाभर वाळत नाही. तिच्या ओलीत माशी अंडी घालते आणि मग शेपटीच्या बुडाशी अळ्या पडतात. ते निस्तरण्यापेक्षा चैत्रातले ऊन परवडले.

मी चाळीस वर्षे कातर चालवली आहे, म्हणून आमची रीत लिहितो. आदल्या दिवशी दहाच्या उन्हात मेंढ्या वाहत्या पाण्यातून, नाहीतर तळ्यातून, दोनदा पोहून काढाव्यात. माती, लेंड्या आणि कुसळे निघून जातात, कातरीची धार टिकते आणि दिवसभराच्या उन्हात लोकर खडखडीत वाळते. ओली लोकर कधीही कातरू नये, कारण ती कातरीत गोळा होते आणि पोत्यात भरली की आतून तापून कुजते.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच बसावे. मेंढी कुशीवर पाडून तीन पाय बांधावेत आणि एक मोकळा ठेवावा. चारही बांधले तर ती जास्त घाबरते आणि पोट आवळून धरते. कातर पोटाखालून सुरू करून पाठीकडे न्यावी आणि मोकळा हात कायम कातडी ताणत पुढे सरकत राहावा, कारण कापले जाते ते सैल कातडीच्या चुणीत, विशेषतः काखेत, कासेजवळ आणि गळ्याखाली. चांगला माणूस एका मेंढीला पंधरा-वीस मिनिटे घेतो. म्हणजे साडेपाच ते साडेनऊ या चार तासांत एकाच्या हातून तेरा-चौदा मेंढ्या होतात. तुमच्या ६४ मेंढ्यांना तीन माणसे आणि दोन सकाळी लागतील. साडेनवानंतर कातर खाली ठेवायची, मग अंगणात एकच मेंढी उरलेली असली तरीही.

अर्धवट | २८ मार्च, सकाळी १०.०५

मी पुण्यात राहतो आणि मेंढी फक्त ताटात किंवा सिंहगड रस्त्यावर वाहतूक अडवताना पाहिली आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमा असावी. उन्हाळ्यात स्वेटर काढला की माणसाला बरे वाटते, मग मेंढीला का वाटू नये? आणि लोकर काढल्यावर मेंढी उन्हाने कशी मरेल?

पशुवैद्य | २८ मार्च, दुपारी १.३०

प्रश्न बाळबोध नाही. यात पुष्कळ मेंढपाळांचीही गल्लत होते. मेंढीची लोकर हा स्वेटर तर आहेच, पण ती छत्रीही आहे. भर उन्हात उभ्या असलेल्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवून पाहा. लोकरीच्या टोकांचा हाताला चटका बसतो, आणि तीच लोकर बोटांनी फाकवून मुळाशी हात लावला तर कातडी जेमतेम कोमट लागते. सूर्याची धग वरच्या थरातच अडते आणि वाऱ्याबरोबर निघून जाते. ही छत्री पूर्ण काढून टाकून जनावर उन्हात सोडले, तर ती धग थेट कातडीवर येते. दख्खनीची कातडी काळसर असल्याने ती काही प्रमाणात सोसते. पांढऱ्या, गुलाबी कातडीच्या मेंढीची पाठ भाजते, आणि तरवड ताईंच्या मेंढ्यांचे तेच झाले असावे.

उलट सावलीत, रात्री आणि वाऱ्यात शरीरातली उष्णता बाहेर जायला हवी असते, तेव्हा दाट लोकर आड येते. मेंढीला घाम फारसा येत नाही. तिची मुख्य सोय म्हणजे धापणे. निवांत सावलीत ती मिनिटाला वीस-तीस श्वास घेते. उन्हात तेच शंभराच्या पुढे जातात. तिच्या शरीराचे नेहमीचे तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. साडेचाळीसच्या पुढे गेले की काळजी करावी, आणि तोंड उघडे टाकून, जीभ बाहेर काढून, मान पुढे ताणून ती धापू लागली, तर तापमापक शोधत न बसता कामाला लागावे.

म्हणून उन्हाळ्यात भादरावे की नाही यापेक्षा किती उंचीवर भादरावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. अंगावर बोटाच्या अर्ध्या पेरापर्यंत खुंट राहिला, तर छत्री राहते आणि स्वेटर निघतो. कातरीने हा खुंट आपोआप राहतो, म्हणून आप्पांच्या पिढीला यावर वेगळा विचार करावा लागला नाही.

गेल्या वर्षीच्या दुपारबद्दलही थोडे लिहितो. कातरण्यापूर्वी दहा-बारा तास चारा बंद ठेवतात तो योग्य आहे, कारण भरल्या पोटाची मेंढी उताणी किंवा आडवी केली की पोटाचा दाब छातीवर येतो आणि श्वास कोंडतो. पण चाऱ्याबरोबर पाणीही तोडतात, ते चैत्र-वैशाखात घातक आहे. पहाटेपर्यंत पाणी समोर असावे. तुमची पहिली मेंढी उन्हाने गेली असे आपण म्हणतो, पण अकरा वाजेपर्यंत तहानेने आणि कोंडल्याने ती आधीच निम्मी थकलेली होती.

तरवड | २८ मार्च, रात्री ८.५०

डॉक्टरसाहेब, पाण्याचा मुद्दा वाचून जिवाला लागले. पाण्याची टाकी वाघरीच्या बाहेर दहा पावलांवर होती, आणि ‘आता येतीलच’ म्हणत चार तास मी मेंढ्या सोडल्या नाहीत. यात यंत्रवाल्यांइतकाच माझाही दोष आहे.

आणखी एक विचारते. चार मेंढ्या सुवर्णा जातीच्या पैदाशीतल्या आहेत, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीचे जुळ्यांचे जनुक दख्खनीत आणून तयार केलेल्या. त्यांतल्या तिघींना जुळी झाली आहेत, दोन-दोन कोकरे पिऊन त्या अगदी खंगल्या आहेत. त्यांना भादरावे का? आणि सहा मेंढ्या गाभण आहेत, त्यांतल्या दोघींचे दिवस भरत आले आहेत.

पशुवैद्य | २८ मार्च, रात्री ९.३०

शेवटच्या महिन्यातल्या गाभण मेंढीला पाडू नये, ती विल्यावर पंधरवड्याने पाहता येईल. बाकीच्या चार गाभणी हलक्या हाताने, पहिल्या तासात उरकाव्यात. खंगलेल्या लेकुरवाळ्यांना आधी आठ-दहा दिवस भरडा आणि गुळाचे पाणी द्या आणि दुसऱ्या फेरीत घ्या. कमरेच्या मणक्यावर हात ठेवल्यावर हाडे करवतीसारखी टोचत असतील, तर अशा मेंढीला कातरण्याची घाई करू नये, कारण रात्रीचा गारवा किंवा पाऊस सोसण्यापुरती चरबी तिच्या अंगावर नसते.

यंत्रवाला | २९ मार्च, सकाळी ७.४५

मी स्वतः यंत्राने मेंढ्या भादरतो. वर जे वाचले त्याने वाईट वाटले, पण दोष यंत्राचा नाही हे नम्रपणे नोंदवतो.

यंत्राच्या फण्या अनेक प्रकारच्या येतात. बारीक फणी कातडीला लागून चालते. थंड मुलुखात वापरतात त्या जाड, उचललेल्या दातांच्या फणीने अंगावर दुप्पट-तिप्पट खुंट राहतो. उन्हाळ्यात मी तीच लावतो. ही फणी महाग पडते आणि तिने काम थोडे हळू होते, म्हणून पुष्कळ जण ती बाळगत नाहीत. दुसरे म्हणजे दख्खनी मेंढीच्या लोकरीत माणदेशाची निम्मी माती असते. पाच-सहा मेंढ्यांत पाते बोथट होते. बोथट पाते रेटले की फणी तापते, आणि तापलेली फणी काखेत लागली की मेंढी उसळते आणि मग कापते. मी दर मेंढीला तेल देतो, पाच मेंढ्यांमागे पाते बदलतो आणि फणी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहतो. मला सोसली नाही तर मेंढीलाही सोसणार नाही.

वेळेचा हिशोबही पाहा. हाताने पंधरा-वीस मिनिटे दोरीत पडून राहणारी मेंढी यंत्राखाली चार-पाच मिनिटांत मोकळी होते. घाबरून पडलेल्या जनावराचे अंग प्रत्येक मिनिटाला तापत असते, तेव्हा कमी वेळ हीसुद्धा एक दया आहे. पहाटे पाचला सुरुवात केली तर एकाच सकाळीत मी तुमचा सगळा कळप उरकू शकेन, दुसरी सकाळ लागणार नाही.

खटावचे आप्पा | २९ मार्च, सकाळी ८.२०

पाहुण्यांचे म्हणणे पटते. एका सकाळीत ६४ मेंढ्या होत असतील, तर म्हातारपणी मीही कातर खुंटीला टांगेन. फक्त पहाटे पाच म्हणजे पहाटे पाच, एवढे पाळणारा माणूस मिळाला पाहिजे.

घोंगडीचा माग | २९ मार्च, दुपारी ३.१०

मी सांगोल्याकडची, सणगराच्या घरातली. आमच्या घरात अजून एक माग चालू आहे, म्हणून लोकरीच्या बाजूने कोणीतरी बोलावे यासाठी लिहिते. इतका वेळ चाललेल्या चर्चेत लोकर म्हणजे मेंढीच्या अंगावरची अडचण, यापलीकडे तिचा विचार झाला नाही.

आमचा सगळा धंदा धाग्याच्या लांबीवर उभा आहे. कातरणाऱ्याने पहिल्या घावात वर कापले आणि मग राहिलेले खुंट नीट दिसत नाहीत म्हणून पुन्हा खालून कातर फिरवली, की अर्ध्या बोटाचा भुसा पडतो. तो पिंजताना उडतो, चरख्यावर धरत नाही आणि घोंगडीत आला तर पहिल्याच पावसाळ्यात गळून जातो. म्हणून माझी विनंती आहे की, खुंट अर्धा पेर ठेवा किंवा एक पेर ठेवा, पण एकाच घावात कापा आणि मेंढी पायऱ्यापायऱ्यांची दिसली तरी दिसू द्या. ती काही लग्नाला जाणार नाही.

दुसरी गोष्ट, कोकरांची पहिली कातरण, जिला आम्ही जावळ म्हणतो, ती वेगळ्या फडक्यात ठेवावी. ती इतकी मऊ असते की जावळाची घोंगडी अंगाला टोचत नाही आणि तिला गिऱ्हाईक कायम असते. काळी, करडी आणि पांढरी लोकर एकत्र करू नये. आधी पांढऱ्या मेंढ्या घ्याव्यात आणि जागा झाडून मग काळ्या घ्याव्यात, कारण पांढऱ्यात पडलेला काळा केस हाताने वेचूनही निघत नाही. मेंढीमागे एका कातरणीला पाव किलोभर लोकर मिळते, आणि धुऊन, पिंजून तुटीचे वजा करता एका घोंगडीला दहा-बारा मेंढ्या लागतात. त्यात जर निम्मा भुसाच निघाला, तर सूत काढून चिंचोक्याची खळ लावेपर्यंत आमच्या हाती काय उरेल?

तरवड | २९ मार्च, रात्री ९.१५

ताई, तुमचे म्हणणे खरे आहे आणि वाचून ओशाळले. पण आमची बाजूही ऐका. गेल्या वर्षी भादरायला मेंढीमागे ३० रुपये दिले. लोकर घ्यायला आलेला व्यापारी किलोला ८ रुपये म्हणाला, म्हणजे मेंढीमागे २ रुपये, आणि तेही ‘काळी घेतो, पांढरी-ठिपक्यांची नको’ असे. मामांनी त्याला चहा पाजून परत पाठवले आणि सगळी लोकर शेजारच्या डाळिंबाच्या बागेत झाडांच्या आळ्यांत पसरली. माती ओली राहिली आणि पाण्याची एक पाळी वाचली, एवढाच तिचा उपयोग. जावळ मात्र सासूबाईंच्या वेळेपासून आम्ही कधीच टाकलेले नाही. तीन वर्षांचे गाठोडे कडुनिंबाचा पाला घालून माळ्यावर ठेवलेले आहे.

घोंगडीचा माग | २९ मार्च, रात्री ९.४०

ते गाठोडे कोणालाही देऊ नका. मी निरोप पाठवते.

सिडनीचा पाहुणा | ३० मार्च, पहाटे ४.५०

मूळचा जतचा, गेली अकरा वर्षे ऑस्ट्रेलियात आहे. न्यू साउथ वेल्समध्ये एका मेंढ्यांच्या शेतावर दोन उन्हाळे हिशेबनीस म्हणून काम केले, तेवढ्या अधिकारावर लिहितो.

इथे यंत्रे आहेत, पैसा आहे, तरी नियम तुमच्या आप्पांच्या नियमांपेक्षा फार वेगळे नाहीत. कातरणाऱ्यांचा दिवस सकाळी साडेसातला सुरू होतो आणि दोन-दोन तासांच्या चार पाळ्यांत वाटलेला असतो. मेंढ्या आदल्या संध्याकाळीच छपराखाली घेतात. लोकर ओली आहे का यावर शंका आली, तर कातरणारे चक्क मतदान करतात आणि बहुमताने ओली ठरली तर काम बंद राहते, मालकाने कितीही आदळआपट केली तरी. जॅक हाउ नावाच्या कातरणाऱ्याने १० ऑक्टोबर १८९२ रोजी क्वीन्सलंडमध्ये हातकातरीने ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्या भादरल्या होत्या आणि तो आकडा यंत्राने ओलांडायला १९५० साल उजाडले. ही गोष्ट इथे प्रत्येक जण छाती फुगवून सांगतो. मला मात्र त्या ३२१ मेंढ्यांच्या बाजूने कोणी काही लिहून ठेवले असते तर वाचायला आवडले असते.

मुद्द्याचे सांगायचे तर, इथल्या शेतकऱ्याला भादरलेल्या मेंढीसाठी उन्हाइतकीच भीती वाटते ती भादरल्यानंतरच्या गार पावसाची आणि वाऱ्याची. हवामान खाते त्यासाठी मेंढपाळांना उद्देशून वेगळा इशारा देते. तरवड ताईंच्या कळपाचे दोन नुकसान वेगवेगळे नव्हते, असे मला वाटते. दुपारी उन्हाने थकलेल्या, पोट रिकामे असलेल्या मेंढ्या संध्याकाळच्या गारठ्यात गेल्या. अंगावर ना लोकर, ना पोटात चारा.

पशुवैद्य | ३० मार्च, सकाळी ९.१०

हे अगदी बरोबर आहे. मेंढीच्या पोटात चारा आंबत असताना जी उष्णता निर्माण होते, तीच तिची रात्रीची शेकोटी असते. म्हणून मोकळी झालेली मेंढी सावलीत नेऊन आधी पाणी आणि लगेच कडबा किंवा वाळलेला चारा द्यावा, आणि पुढचे दहा दिवस रात्री डोक्यावर छप्पर असावे. ताडपत्री चालेल. छप्पर उंच असावे आणि बाजू वाऱ्याला मोकळ्या असाव्यात, फक्त पावसाची झड येते ती बाजू झाकावी.

उन्हाने खाली बसलेल्या मेंढीविषयीही लिहून ठेवतो, कारण त्या क्षणी ही चर्चा शोधायला वेळ नसतो. तिला सावलीत न्यावे, पाय मोकळे करावेत, कुशीवर न ठेवता छातीवर बसते करावे. पाणी पोटाखाली, जांघेत, पायांवर आणि डोक्यावर ओतावे आणि वारा घालावा. न भादरलेल्या मेंढीच्या पाठीवर पाणी ओतून वाऱ्याविना ठेवू नये, लोकर भिजून वाफ कोंडते. तोंडात बळजबरीने पाणी ओतू नये, ते धापणाऱ्या जनावराच्या फुप्फुसात जाते.

जखमा झाल्या तर पोव्हिडोन आयोडीन किंवा हळद आणि कडुनिंबाचे तेल लावावे, कडुनिंबाचे तेल माशीही दूर ठेवते. ज्या मेंढीच्या गळ्याखाली किंवा खांद्यापुढे गाठ आहे ती सर्वांत शेवटी घ्यावी, कारण ती गाठ कापली गेली की पू कातरीला लागतो आणि पुढच्या सगळ्यांना तोच आजार होतो. गोचिडाच्या औषधाची आंघोळ लगेच घालू नये, जखमा भरायला दोन आठवडे द्यावेत, आणि त्या दिवशी मेंढ्या तहानलेल्या नसाव्यात, नाहीतर त्या औषधच पितात.

अर्धवट | ३० मार्च, सकाळी ११.००

ताई, मामांचे मत राहून गेले.

तरवड | १० एप्रिल, रात्री १०.२०

भादरणी झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही दोन सकाळी वाटून घेतल्या. पहिल्या सकाळी दख्खनी मेंढ्या आप्पांच्या पद्धतीने तिघांनी हाताने कातरल्या. दुसऱ्या सकाळी माडग्याळ रक्ताच्या मेंढ्या इथले यंत्रवाले दादा आले त्यांनी जाड फणीने केल्या, कारण विरळ, आखूड लोकरीवर कातर घसरते आणि तिथे यंत्र खरोखरच चांगले चालते. दादा पाचला दहा कमी असतानाच हजर होते, आणि मामा त्यांच्याही आधी बाहेर बाजेवर बसून होते. परीक्षा घेत होते म्हणा ना.

पहिल्या सकाळचे दृश्य असे की, लिंबाखाली ताडपत्री, तिच्यावर तीन मेंढ्या, कातरींची कचकच, आणि लोकर अंगापासून सुटताना तिच्या आतल्या बाजूचा तेलकट, ओलसर काळा रंग उघडा पडत जाणारा. वरून उन्हाने विटून तांबूस झालेली तीच लोकर आत कोळशासारखी काळी असते. सातच्या सुमारास माझे हात त्या तेलाने असे मऊ झाले होते की चहाची कपबशी निसटली. नऊ वाजता ३१ झाल्या होत्या. साडेनवाला आणखी तीन बाकी असताना मामा उठले, लिंबाच्या सावलीची कड त्यांनी वहाणेने जमिनीवर ओढलेल्या रेघेला टेकली होती ती दाखवली, आणि म्हणाले, “आता झालं. सावलीभाईर कातर न्यायाची न्हाई.” राहिलेल्या तीन दुसऱ्या दिवशी यंत्राखाली गेल्या.

हेच त्यांचे मत होते, अर्धवट साहेब. पहिल्या दिवशी त्यांना विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले होते की घड्याळावर भादरायचे नसते, सावलीवर भादरायचे असते. कातर की यंत्र, याच्याशी त्यांना काही घेणे नव्हते. मी मात्र इतके दिवस त्याचा अर्थ ‘मामा यंत्राच्या विरुद्ध आहेत’ असा लावून बसले होते.

कापले तिघींना, एकीला काखेत जरा खोल. डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे केले, जखम वाळली आहे. दिवस भरत आलेल्या दोन गाभणी आणि तीन लेकुरवाळ्या अजून लोकर पांघरून आहेत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पश्चिमेला आभाळ काळे झाले आणि वारा सुटला, तेव्हा सगळा कळप आम्ही नव्या पत्र्याखाली घेतला. पत्रा यजमानांनी कोइमतूरहून पैसे धाडून घालून दिला. पाऊस दहा मिनिटे पडला, गारा चार-दोन. कोणाच्या छातीत घरघर नाही.

गोंधळ झाला तो कोकरांचा. पहिल्या दिवशी साडेनवानंतर त्यांना सोडले, तर एकालाही आई ओळखू येईना. प्रत्येक मेंढी अर्ध्या अंगाची, काळी-चकचकीत आणि पायऱ्यापायऱ्यांची झालेली. कोकरे एका मेंढीकडे धावत, तिच्या मागे हुंगत, तिची लाथ खाऊन दुसरीकडे जात. तासभर सगळ्या माळावर बें बें चालले होते. त्यांतले एक काळे नर कोकरू शेवटपर्यंत उरले. त्याची आई त्याच्यासमोर चार हातांवर उभी राहून हाका मारत होती, ते आवाजाकडे वळायचे, तिला पाहायचे आणि पुन्हा मागे सरायचे. अखेर मामांनी ताडपत्रीवरच्या ढिगातून त्याच मेंढीची लोकर हुडकली, मूठभर तिच्या पाठीवर ठेवली आणि वरून हात दाबून धरला. कोकरू आले, त्याने लोकर हुंगली, मग कूस हुंगली आणि गुडघे टेकून प्यायला लागले.

जावळाचे गाठोडे परवा सांगोल्याला गेले. यंदाचे चौथे त्यात घातले आहे.

घोंगडीचा माग | ११ एप्रिल, सकाळी ६.३०

पोहोचले. एकाच घावाची लोकर आहे, हाताला लगेच कळते. पिंजायला काढली आहे.